खालच्या मजल्यावरचा बाक

कायद्याच्या कॉलेजात मागच्या बाजूला एक खोली होती, मोडक्या खुर्च्या टाकायची. वकीलबाईंनी प्राचार्यांचं डोकं खाऊन खाऊन ती मिळवली. खुर्च्या व्हरांड्यात काढल्या, त्यातल्या ज्यांना अजून चारी पाय शाबूत होते त्या परत आत घेतल्या आणि दारावर पाटी लावली, ‘कायदा मदत केंद्र’. पाटी मुलांनी कधी वाचली नाही. ती या खोलीला दवाखाना म्हणत, आणि त्याला कारण बाईच होत्या.

"डॉक्टर होणाऱ्या पोरांना माणसाला हात लावायला शिकवतात," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "तुम्ही वर्षानुवर्षं कलमं घोकता आणि खरा आरोपी समोर आला की पुस्तकाआड लपता. पुस्तकातल्या आरोपीला भूक लागत नाही. जांभई येत नाही. तो खोटं बोलत नाही. खरा हे सगळं करतो. तर इथे आपण खऱ्याशी बोलायला शिकणार."

वकीलबाईंनी फौजदारी कोर्टात उभी हयात काढली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्या शिकवायला आल्या, पण आवाज कोर्टातलाच राहिला. साधं ‘खिडकी लाव’ म्हणाल्या तरी मुलगा उठताना मान झुकवून उठे.

दवाखान्यात सुरुवातीला एकमेकांवरच सराव चाले. एकाने आरोपी व्हायचं, एकाने वकील, बाकीच्यांनी चुका काढायच्या, आणि ते काम सगळे मन लावून करत. नियम तसे थोडेच होते. गुन्हा केलास का, हा पहिला प्रश्न कधीच नाही. पहिला प्रश्न, बाहेर तुमची वाट कोण बघतंय? कारण जामीन त्यावर टांगलेला असतो. ज्याची वाट बघणारं कोणी आहे, तो तारखेला परत येईल असं कोर्टाला पटवता येतं. आणि दुसरा नियम, अशिलाची हमी आपण घ्यायची नाही. ‘माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे’ एवढंच बोलायचं. ‘मला खात्री आहे’ हे शब्द ओल्या छत्रीसारखे कोर्टाच्या बाहेर ठेवून आत जायचं.

या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे ‘पहारा’ म्हणत. कुठल्याही खोलीत शिरली की ती दाराकडे तोंड करून बसायची. कॅन्टीनमध्ये, वाचनालयात, कोणाच्या घरी गेली तरी. दुसरं कोणी त्या खुर्चीवर बसलं असेल तर ती उभी राहायची, पण दाराला पाठ करायची नाही. ‘पहारा आली का’, ‘पहाऱ्याला विचार’ असं बोलून बोलून तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. असं का बसतेस, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

गोष्ट अशी होती. पहाऱ्याचे वडील एका गोदामात माल मोजून घ्यायचे. गोदामातून माल गेला, आणि तो नेणारा सापडेना तेव्हा मोजणारा सापडला. वडिलांना अटक झाली, थोरल्या काकांनी जामीन राहून त्यांना सोडवलं. गावात मग कोणी कामाला ठेवीना, म्हणून वडील दुसऱ्या गावी गिरणीत लागले. तारखेच्या आदल्या दिवशी ते घरी येत आणि सकाळी बायको-मुलीला घेऊन कोर्टात जात. लेक सोबत असली की कोर्टाला आपण माणसासारखे दिसतो, असं ते म्हणत. कोर्टाच्या बाकावर ते आधी आपला रुमाल पसरत, मग तिला बसवत. खिडकीतून एक झाड दिसे. वडील म्हणत, त्याच्या बुंध्यावर बघ, कोणीतरी खिळा मारलाय, टोपी अडकवायला असणार, आता झाड वाढेल आणि टोपी वर जाईल. ती हसायची. दुसरीत होती तेव्हा.

एका तारखेला वडिलांना आदल्या दिवशी रजा मिळाली नाही. शेजारच्या दुकानात फोन करून त्यांनी निरोप ठेवला, गाडीतून उतरून सरळ कोर्टात येतो, तुम्ही तिथेच या. आई आणि ती जाऊन बसल्या. पट्टेवाल्याने दारात उभं राहून वडिलांच्या नावाचा पुकारा केला. थोड्या वेळाने पुन्हा केला. मग शेवटचा केला. कोणी आलं नाही. ती बाकावरून खिडकीतल्या एका झाडाचा शेंडा बघत होती, त्यात पक्षी होते, आणि आई म्हणत होती, "येतील. येतो म्हणालेत ना."

वॉरंट निघालं. पोलीस घरी येऊन गेले, गिरणीत जाऊन आले. वडील गिरणीतही परतले नव्हते. काकांच्या जामिनाची रक्कम कोर्टाने जप्त केली आणि काकांनी या घराशी बोलणं टाकलं. माणूस पळाला, असं सगळे म्हणाले. पुढे ती कळती झाल्यावर तीही मनात तेच म्हणू लागली. म्हणत नव्हती फक्त आई. आईने ती भाड्याची खोली सोडली नाही. शिलाईच्या कारखान्यापासून लांब, अंधारी, भिंतींना ओल, पण सोडली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "त्यांना हाच पत्ता माहीत आहे."

पहाऱ्याला याचा राग येई. आणि हा राग घेऊनच ती दाराकडे तोंड करून बसे, हे तिच्या ध्यानात यायचं नाही. माणसाचं असंच असतं. तोंडाने नाव टाकायचं आणि डोळे वाटेला लावून ठेवायचे.

सरावात एकदा तिला आरोपी केलं. वकील झाला होता पोपट. त्याला सगळी कलमं पाठ होती आणि न विचारता तो ती म्हणून दाखवी, म्हणून पोपट. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, "बाहेर तुमची वाट कोण बघतंय?"

पहाऱ्याने दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "बघून बघून कंटाळले असतील."

पोपटाची गाडी तिथेच अडली. या उत्तराला कलम नव्हतं. तास संपल्यावर वकीलबाईंनी तिला थांबवून घेतलं.

"खुर्चीवर तू आरोपी म्हणून बसलीस," त्या म्हणाल्या, "पण बोललीस बाहेर थांबलेल्या माणसासारखी. कोण आहे तुझं आत?"

"आत नाही बाई," ती म्हणाली. "पळालेत." आणि मग पहिल्यांदाच कोणाला तरी तिने सगळं सांगितलं.

बाईंनी हळहळ व्यक्त केली नाही. त्यांना ती जमायचीही नाही. "ऐक," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी हेच बघितलंय. खरे पळणारे थोडे असतात. बाकीचे चुकतात. गाडी चुकते, तारीख चुकते, दार चुकतं. मग कळतं की वॉरंट निघालं, मग घाबरतात, आणि घाबरलेला माणूस लांबून पळालेल्यासारखाच दिसतो."

"ते घाबरणाऱ्यातले नव्हते," ती म्हणाली, आणि पुस्तकं उचलून गेली. तिला वाटलं, बाई समजूत काढताहेत. कोणी समजूत काढली की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

सराव झाल्यावर खरी माणसं आली. पहारा आणि पोपटाच्या वाट्याला आला एक सायकल दुरुस्तीवाला. त्याच्या दुकानात चोरीच्या सायकलींचे सुटे भाग सापडले होते. त्याचं म्हणणं, विकणाऱ्याने जुना माल म्हणून दिला, मी घेतला. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत दोघं त्याच्यासमोर बसले. पोपटाने वही उघडली. पहाऱ्याने खुर्ची थोडी फिरवून दाराकडे केली आणि विचारलं, "दादा, बाहेर तुमची वाट कोण बघतंय?"

गडी काळासावळा, आडव्या बांध्याचा, नखांत अजून वंगण. तोवर तो हो-नाही एवढंच बोलत होता. हा प्रश्न ऐकून त्याने मान खाली घातली. "मुलगी आहे, ताई. तिची आई नाही. मेहुण्याकडे ठेवलीय. शाळा सुटली की ती दुकानाच्या फळीवर येऊन बसते म्हणे. दुकान बंद आहे हे तिला माहीत आहे. तरी बसते."

पहाऱ्याने मान हलवली आणि काही लिहिलं नाही. पोपटाने ते लिहून घेतलं.

त्या कोर्टात जामिनापुरतं विद्यार्थ्याला बोलायची मुभा होती, शेजारी वकील उभा असला की झालं. पहाऱ्याने डोळ्यांत तेल घालून तयारी केली. मेहुणा जामीन राहायला तयार झाला. दुकान जुनं, घर जुनं, आधी कधी गुन्हा नाही, सगळं तिने ओळीने मांडलं. वकीलबाई शेजारी उभ्या राहून छताकडे बघत होत्या, म्हणजे खूश होत्या. सरकारी वकील म्हणाले, हा परत येईलच याचा काय भरवसा. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पहाऱ्याकडे बघितलं. "हं. काय भरवसा?"

माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. सरावात शंभरदा म्हटलेलं. पण मागच्या बाकावर सायकलवाल्याची मुलगी बसली होती, पाय जमिनीला न पोचणारी, आणि तिने दाराकडे तोंड केलं होतं.

"तो येईल, साहेब," पहारा म्हणाली. "मला खात्री आहे. मी हमी देते."

वकीलबाईंची नजर छतावरून खाली आली. पोपटाने वहीत डोकं घातलं. जज्जसाहेब म्हणाले, "तुमच्या हमीची कायद्यात सोय नाही. जामीनदाराच्या हमीची आहे, ती मी घेतो." त्यांनी जामीन दिला. "पण तुम्ही शब्द दिलाय. तेव्हा पुढच्या तारखेला तुम्हीही हजर राहा."

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी तिला अशी धारेवर धरली की जाणारे-येणारे वकील पाय ओढत चालायला लागले, ऐकायला मिळावं म्हणून. "उद्या तो आला नाही तर? त्याच्याबरोबर तू बुडशील, आणि पुढे या केंद्रातल्या एकाही पोराचं हे कोर्ट ऐकून घेणार नाही. कोणाच्या जिवावर हमी देतेस? ओळखतेस त्याला?"

"त्याची मुलगी दाराकडे बघत होती बाई."

वकीलबाईंनी दारातून आतल्या बाकाकडे एकदा बघितलं. मग चिडूनच म्हणाल्या, "आता तो येईल एवढं बघ."

पहाऱ्याने मग काही शिल्लक ठेवलं नाही. तारखेच्या आधी अशिलाला कोर्ट दाखवून आणायचं, ही दवाखान्याची पद्धतच होती. माणूस पहिल्यांदा त्या इमारतीत शिरला की बावचळतो, म्हणून आधी जागेची ओळख. तिने सायकलवाल्याला तळमजल्यावरच्या कोर्टाचं दार दाखवलं. आत कुठे उभं राहायचं ते दाखवलं. दाराबाहेरच्या लाकडी बाकावर त्याला बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली.

"दादा, हा बाक. इथेच बसायचं. पट्टेवाला इथे दारात येऊन नाव पुकारेल. तोपर्यंत उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. कोणी काहीही सांगो, काहीही होवो, इथून हलायचं नाही."

"नाही हलत, ताई," तो म्हणाला.

तारखेच्या सकाळी कोर्टाच्या फाटकापाशीच पोपट भेटला. त्याने बातमी आणली होती. जज्जसाहेब रजेवर, त्यांचं काम वरच्या मजल्यावरच्या कोर्टाकडे दिलंय, आणि तिथले साहेब वॉरंट काढायला एकदम सढळ. वकीलबाईंसह तिघं फाटकाकडच्या जिन्यानेच वर गेले. वर ही गर्दी. दोन कोर्टांचे लोक एका दारात. पहाऱ्याने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. सायकलवाला नव्हता. येईल, ती मनात म्हणाली. फोन फाटकावर जमा करायचे असत, तेव्हा विचारायचीही सोय नव्हती. ती जिन्याच्या तोंडाशी, चढून येणारे दिसतील अशी उभी राहिली.

पुकारे सुरू झाले. एकेक नाव येत होतं, एकेक माणूस आत जात होता. जिन्यावरून टोप्या, डोकी, फायली वर येत होत्या. तिला वंगणाची नखं हवी होती.

मग पट्टेवाल्याने सायकलवाल्याचं नाव पुकारलं.

तिने जिन्याकडे बघितलं. कोणी नाही. पट्टेवाल्याने पुन्हा पुकारलं, आवाज जरा चढवून. तिला वाटलं, आता आई म्हणेल, येतील. तिला स्वतःचाच संताप आला. किती मूर्ख मुलगी आहेस तू. लहानपणी हेच, आणि इतकं शिकूनसवरून पुन्हा हेच. दाराकडे बघत बसलेल्या एका पोरीसाठी शब्द दिलास, आणि माणूस निघून गेला, जातात तसाच. तिला रडूही येईना. आत वकीलबाईंचा आवाज ऐकू आला, साहेब, थोडा वेळ द्या, आणि साहेबांचा, शेवटी एकदा पुकारतो, मग मात्र वॉरंट.

वकीलबाई बाहेर आल्या. "उभी काय राहिलीस? जा, बघ."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खाली."

आयुष्यभर पहाऱ्याने वाट बघितली होती. बघायला जाता येतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

ती जिना धावत उतरली. तळमजल्यावर सामसूम होती. कोर्टाचं दार भिंतीला लावून उघडं ठेवलेलं, आत रिकाम्या खुर्च्या, आणि बाहेरच्या बाकावर सायकलवाला. इस्त्रीचा शर्ट, वेणी घातलेली मुलगी शेजारी, मांडीवर डब्याची पिशवी. तिला बघून तो उठायला गेला आणि अर्ध्यात थांबून परत बसला. उठायचं नाही, हे त्याला आठवलं.

"दादा, तुम्ही इथे?"

"सकाळपासून आहोत, ताई. तुम्हीच म्हणालात ना, हलायचं नाही. एक जण म्हणाला, सगळे वर गेलेत. मी म्हटलं, जाऊ देत, आम्हाला इथेच बसायला सांगितलंय." तो जरा घाबरला. "चुकलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "माझं चुकलं. चला."

काम वर गेल्याचा कागद दाराला लावलेला होता, पण ते दार भिंतीला टेकवलेलं, त्यामुळे कागद भिंतीला वाचायला दिलेला. पहाऱ्याने मुलीचा हात धरला. शेवटच्या पुकाऱ्याला पट्टेवाल्याने पुरतं नाव घ्यायच्या आत सायकलवाला धापा टाकत दारात होता. साहेबांनी हजेरी लावून घेतली, पुढची तारीख दिली, आणि एवढ्यावरच सगळं संपलं. कोर्टात मोठ्या गोष्टी अशाच संपतात, कोणी मान वर करत नाही.

वकीलबाई खुशीत होत्या. पोपटाने वॉरंट रद्द करण्याचं कलम तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं म्हणून तो हिरमुसला होता. सायकलवाला दहादा नमस्कार करून गेला. पहारा व्हरांड्याच्या खिडकीशी उभी राहिली, घाम पुसायला. समोर झाडाचा शेंडा होता. त्यात पक्षी होते.

तिने वाकून खाली बघितलं. मग जिना उतरून तळमजल्यावर आली आणि त्या बाकावर बसली, लहानपणानंतर पहिल्यांदाच. समोरच्या खिडकीतून बुंधा दिसत होता. खिळा तिच्या आठवणीतल्यापेक्षा आत गेला होता, झाडाने तो जवळजवळ गिळला होता, पण होता.

लहानपणीच्या कोर्टाला दोन झाडं होती, असं ती आजवर धरून चालली होती. एक खिळ्याचं आणि एक पक्ष्यांचं. झाड एकच होतं. वडिलांबरोबर ती खाली बसायची. आणि ज्या दिवशी वडील आले नाहीत, त्या दिवशी ती आणि आई वर बसल्या होत्या.

वकीलबाई जिना उतरून हळूहळू आल्या, गुडघा धरत. "काय झालं गं?"

"बाई, साहेब रजेवर गेले की खालचं काम वर जातं, हे पहिल्यापासून असंच आहे का?"

"मी वकिली सुरू केली तेव्हापासून तरी असंच."

पहाऱ्याने झाडाकडे बोट केलं आणि सांगितलं. वकीलबाई बाकावर तिच्या शेजारी टेकल्या. झाडाकडे बघत म्हणाल्या, "हे सिद्ध करता यायचं नाही, बाळा. ते आले होते याला पुरावा नाही."

"माहीत आहे."

"नव्हते आले, यालाही नाही," बाई म्हणाल्या आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन बसल्या.

घरी आई कारखान्यातून आणलेल्या गणवेशांना काजं करत बसली होती. पहारा चप्पल काढून तिच्यासमोर जमिनीवरच बसली. दाराला पाठ करून. आईच्या ते लक्षात आलं.

"आई, त्या दिवशी आपण आधी कुठे गेलो होतो? तारखेच्या दिवशी."

कुठल्या तारखेच्या, हे आईने विचारलं नाही. या घरात ती एकच तारीख होती. "नेहमीच्याच जागी निघालो होतो. फाटकाशीच कारकून भेटला. म्हणाला, आज कोर्ट वर आहे, वर जा. गेलो आपण वर."

"आणि खाली कोणी बघितलं?"

"पुकारा वर होणार होता ना. मी वरून कशी हलणार? मी हलले आणि ते आले तर?" आई बोलता बोलता थांबली. सुई हातातच राहिली. तिचा चेहरा बघून पहाऱ्याला वाटलं, हे सांगायला नको होतं. पण आता ते खोलीत आलं होतं आणि परत जाणार नव्हतं.

"आपण वर थांबलो, आई. ते खाली थांबले असतील. संध्याकाळपर्यंत. रुमाल पसरून. मग कोणीतरी सांगितलं असेल की वर तुमच्या नावाचं वॉरंट निघालं." वडिलांचं ते एकटं बसणं तिला आता स्पष्ट दिसत होतं, लेक धावत येईल म्हणून व्हरांड्याच्या टोकाकडे लावलेले डोळे दिसत होते, आणि इतकी वर्षं रागाने झाकून ठेवलेली माया एकदम उघडी पडली होती. तिला वडील हवे होते. दुसरीत हवे होते तेवढेच आत्ता हवे होते. "ते आले असतील, आई."

आईने गणवेश बाजूला ठेवला. "मी काय वेगळं म्हणत होते इतकी वर्षं?"

पहाऱ्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. बाहेर दिवे लागले तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"तो बाक अजून आहे?" आईने विचारलं.

"आहे."

"मला एकदा दाखव."

दुसऱ्या दिवशी आईने कारखान्यातून रजा घेतली. ती सहसा घेत नसे. दोघी कोर्टात गेल्या. खालचे साहेब कामावर परतले होते, त्यामुळे दारापाशी माणसांची ये-जा होती, पण बाकावर दोघींना पुरेल एवढी जागा होती. आईने पिशवीतून रुमाल काढला. बाकावर पसरला, आणि त्यावर लेकीला बसवलं, ती एवढी मोठी झाली होती तरी. मग स्वतः बसली. खिळा कुठे आहे ते पहाऱ्याने दाखवलं. आईने मान पुढे करून बराच वेळ बघितला.

पट्टेवाला दारात आला, यादीतलं एक नाव पुकारलं, कोणीतरी उठून आत गेलं. त्याची नजर या दोघींवर पडली. सकाळपासून बसल्यात, पण कुठल्याच नावाला उठत नाहीत.

"आज तारीख आहे का तुमची, ताई?" त्याने आईला विचारलं.

"आजची नाही," आई म्हणाली. "इथली एक राहून गेली होती."

त्याला काही कळलं नाही, पण असे लोक त्याने पुष्कळ पाहिले असावेत. "बसा मग," म्हणाला, आणि दुसरं नाव पुकारायला वळला. आई कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून होती.